तिसऱ्या बाकाचं भांडण

चर्चचा कारभारी करा म्हणून हम्फ्री टुलीने कुणाचे पाय धरले नव्हते. साधा सुतार माणूस. पण यंदा पाळी त्याच्या घरावर आली आणि ही फुकटची ब्याद गळ्यात पडली. पगार नाही, कौतुक नाही, वर गावभरच्या बायकांची भांडणं निस्तरा.

त्यातलं सगळ्यांत चिवट भांडण तिसऱ्या बाकाचं. चर्चमध्ये बायका एका बाजूला बसतात, पुरुष दुसऱ्या; आणि जागा माणसाची नसते, घराची असते. सिबिल टॅरंट तिथे चाळीस वर्षं बसली. नवरा गेला, घराचा भाडेपट्टा संपला आणि ती गल्लीच्या टोकाला एका खोलीत राहायला गेली. घरात आली डोरकस फ्लड, आणि घराबरोबर जागाही तिची झाली. सिबिलच्या वाट्याला सगळ्यांत मागचा बाक, गावाच्या दयेवर जगणाऱ्यांचा. पण ती कसली ऐकते! दर रविवारी पहिल्या घंटेलाच येऊन तिसऱ्या बाकावर ठाण मांडायची. डोरकस कोपराने ढोसायची, ही बुटाने. प्रवचन कोण ऐकतंय? सगळं गाव माना वळवून हीच मजा बघायचं.

शेवटी पाद्रीबुवांनी हम्फ्रीला बजावलं, की या रविवारी म्हातारीला उठव, नाहीतर तिचं नाव बिशपच्या कचेरीत कळव.

हम्फ्री तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. नाकी नऊ आले होते बिचाऱ्याच्या.

"काकू, उठा आता. बिशपकडे नाव गेलं तर पांढरी चादर गुंडाळून सगळ्या गावासमोर माफी मागायला लावतील तुम्हाला."

"लावू देत. मागे बसवलंस तरी तेच झालं की. या जागेशिवाय माझं काय उरलंय रे इथे?"

त्याचं डोकंच फिरलं. "मग तिथे बसा!" तो ओरडला आणि चौथ्या बाकाकडे बोट दाखवलं.

सगळ्या माना चौथ्या बाकाकडे वळल्या. ती त्याच्या घराची जागा, त्याच्या बायकोची. अ‍ॅव्हिस नाताळात गेली, तेव्हापासून तिथे कुणी हातमोजासुद्धा ठेवला नव्हता. आपण काय बोललो हे हम्फ्रीलाही तेव्हाच कळलं.

"आता लग्नाची दवंडी कधी?" डोरकस पुटपुटली.

"माझ्या घराची जागा आहे. कुणाला द्यायची ते मी बघीन," तो खेकसला.

सिबिल उठली. चौथ्या बाकावर अ‍ॅव्हिसची लोकरीची उशी अजून तशीच होती. ती उचलून तिने मांडीवर घेतली आणि नुसत्या लाकडावर बसली.

"उशी खाली घ्या की," हम्फ्री म्हणाला.

"ती तिचीच राहू दे," सिबिल म्हणाली. "मला जागा पुरते."

हम्फ्री पुरुषांच्या बाजूला जाऊन बसला. नाताळपासून त्याने त्या बाकाकडे बघायचं टाळलं होतं. आज प्रवचन संपेपर्यंत तो तिकडेच बघत होता.