पंधरा मिनिटं बसू द्या

डॉक्टर साखरे रक्तदाबाच्या यंत्राची काच रोज स्वतःच्या रुमालानं पुसत. रोग्याचा हात धरायची वेळ आली, की तोच रुमाल मध्ये घेत. एकोणीसशे ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत सिंदेवाहीजवळच्या एका दवाखान्यात मी त्यांच्या हाताखाली नर्स होते. इतका घमेंडी आणि इतका पोकळ माणूस मी पुन्हा पाहिला नाही. "सिस्टर, पारा खोटं बोलत नाही," हे त्यांचं पालुपद.

वनरक्षकांची भरती होती. चालण्याच्या परीक्षेत जंगलरस्त्यानं पंचवीस किलोमीटर चालून पोरं तपासणीसाठी थेट आमच्या दारात येत आणि हे महाशय त्यांना उभ्या उभ्याच पट्टा बांधत. सुधाकर नावाचा शेतमजुराचा मुलगा सगळ्यांत पहिला आला. वरचा आकडा एकशे ऐंशी. साखरेंनी 'अपात्र' लिहून सही ठोकली.

सुधाकर रडवेला झाला. "बाई, मले तं काईच होऊन नाई राह्यलं. काऊन काढलं मले?"

मी साखरेंना म्हटलं, "पंधरा मिनिटं बसू द्या त्याला. चालताना हृदय जोरानं रक्त ढकलतं, धमन्या ताणल्या जातात, म्हणून वरचा आकडा चढतो. खालचा ठीक आहे. बसला की वरचाही उतरेल. निरोगी धमन्यांचं असंच असतं."

"इथे डॉक्टर कोण आहे, सिस्टर?"

चौथ्या दिवशी साखरेसाहेबांची जीप वाटेत बंद पडली. तीन किलोमीटर उन्हातून तरातरा चालत आले आणि आल्या आल्या स्वतःचा दाब मोजला. एकशे ऐंशी! चेहरा पांढराफटक. "सिस्टर, झोपवा मला! धमनी फुटेल!" झोपवलं. पंधरा मिनिटांनी एकशे तीस. लगेच उठून भांग पाडला. "चालल्यावर चढतोच तो. धमन्या लवचिक आहेत माझ्या."

"मग सुधाकरचा कागद बदला. अजून तुमच्या टेबलावरच आहे."

"सही झालीय. खाडाखोड दिसली तर वरचे काय म्हणतील?"

कागद तसाच गेला. मला त्या माणसाची किळस आली, ती आजही गेलेली नाही.

दोन वर्षांनी त्यांची बदली झाली. सुधाकर तेव्हा एस.टी. थांब्यावर हमाली करायचा. साखरेंची लोखंडी ट्रंक डोक्यावर घेऊन तो शिडीनं गाडीच्या टपावर चढला, ती बांधून खाली आला. साखरेंनी त्याला ओळखलंही नाही.

"ताकद आहे रे तुझ्यात! छाती धडधडत नाही का?"

"धडधडते ना साहेब," सुधाकर म्हणाला. "पन घडीभर बसलो का होते बराबर."