कडेची खाच

उमरग्याच्या मोबाईलच्या दुकानात ती बाई माझ्या पुढं उभी होती. बॅटरी फुगून तिचा फोन बंद पडला होता, आणि वारलेल्या नवऱ्याचा आवाज त्यातच अडकला होता. जुन्या फोनच्या सवयीनं ती मागचं झाकण काढायला नखानं कडेची खाच शोधत होती.

"मावशी, हे डिंकानं चिकटवलेलं असतंय," दुकानदार म्हणाला. "उघडताना आत काही तुटलं, तर आवाज बी जाईल."

मी उगाच शहाणपणा केला. म्हटलं, युरोपात आता बॅटरी ज्याची त्याला काढता यावी, असा कायदा केलाय.

तिनं तुटकं नख माझ्यापुढं धरलं.

"तिकडच्या बायांची नखं येगळी असत्यात व्हय?"

फोन पदरात गुंडाळून ती गेली. काचेखाली नवे फोन चमकत होते. खाच एकालाही नव्हती, आणि मी त्यातलाच एक घ्यायला आलो होतो.