रामटेके साहेब आणि गल्लीचं ऊन

नवी इमारत काढायची म्हटली की आमचे रामटेके साहेब कागदाला हात लावायच्या आधी बांबू मागवत. इमारत जितकी उंच होणार, तितका उंच बांबू जागेवर उभा करायचा, टोकाला लाल फडकं बांधायचं आणि आपण जाऊन बसायचं ते शेजाऱ्याच्या अंगणात. "घर आपलं असते, पण जन्मभर पाहावं लागते शेजाऱ्याले," असं ते म्हणत. मी त्यांच्या हाताखाली ड्राफ्ट्समन. त्या बांबूमागे उन्हातान्हात हिंडायचा मला मनस्वी कंटाळा यायचा.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा होत होता. गाड्या भरभरून माणसं येत होती आणि राहायला जागा नव्हती. आम्ही दोघेही भंडाऱ्याकडचे; ते बौद्ध, मी कुणब्याचा. टाउनशिपच्या कडेला जुन्या गावाची एक गल्ली तेवढी उरली होती. मातीची घरं, वर कवेलूंचं छप्पर, पुढे परछी म्हणजे आपली ओसरी आणि आत अंगण. त्या गल्लीच्या दक्षिणेला तीन मजली फ्लॅट बांधायचं ठरलं. वरून आलेल्या नमुन्यात इमारतीची पाठ गल्लीकडे होती, म्हणजे सगळ्या संडासांच्या खिडक्या लोकांच्या दारासमोर. साहेबांनी भांडून तो नमुना फिरवला. दारं गल्लीकडे घेतली, खाली लांबलचक परछी काढली, तलावावर जायची जुनी वाट इमारतीच्या पोटातून मोकळी ठेवली. "गल्ली पैले आली, आपण पाहुणे. पाहुण्यानं पाठ करून बसू नये," हे त्यांचं आणखी एक.

बांबू लावला तो ज्येष्ठात. भर दुपारी त्याची सावली त्याच्याच पायाशी गोळा झालेली. साहेब खूश झाले आणि काम सुरू झालं.

पौषात दोन मजले झाले, तिसऱ्याच्या सळया आकाशात उभ्या राहिल्या. एका दुपारी साहेब समोरच्या केजाबाईच्या अंगणात गेले. थंडीत त्या गल्लीतल्या बाया उडीद वाटून, त्यात कोहळा किसून वड्या घालतात. बरी म्हणतात त्यांना. वर्षभराचं कालवण असतं ते. म्हातारी बरीचं सूप उचलून अंगणाच्या शेवटच्या कोपऱ्यात सरकवत होती, कारण ऊन आता तेवढंच उरलं होतं. साहेबांना पाहून ती हसली. तिच्या बोलीत उन्हाला घाम म्हणतात. म्हणाली, "हमर घाम कती गिस, साहेब?" आमचं ऊन कुठं गेलं?

साहेब तिथंच उकिडवे बसले. पौषात सूर्य दक्षिणेला कलतो हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. साहेबांनाही होतं, पण आपल्या बांबूवर त्यांचा फार जीव होता. दोनच मजल्यांत ही गत, तर तिसरा चढल्यावर गल्लीतल्या एकाही अंगणात हिवाळ्याचं ऊन उतरणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिक्सर सुरू व्हायचा होता. साहेबांनी तो थांबवला. मजूर घमेली टाकून बसले, ठेकेदार ओरडायला लागला आणि माझंही डोकं फिरलं. त्याच तिसऱ्या मजल्यावर मला फ्लॅट मिळणार होता. माझी बायको सुमन तान्हं पोर घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती आणि पोराची छाती भरली होती. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "साहेब, माहं पोरगं पत्र्याखाली खोकून राहिलं, अन् तुम्ही लोकायच्या बऱ्या वाळवून राहिले!"

ते चिडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "माह्या आज्याची सावली लोकं अंगणात पडू देत नव्हते. अंग चोरून चालायचा तो. आता माही बिल्डिंग लोकायच्या अंगणात पडून राहिली, अन् मले कोणी काही म्हणत नाही. कावून? मी साहेब आहो म्हणून."

माझा राग गेला नाही.

तेवढ्यात जीप आली. मोठे साहेब खाली उतरता उतरताच गरजले, "रामटेके, यह स्टील प्लांट है, बड़ी-पापड़ का कारखाना नहीं!" साहेबांनी मान डोलावली आणि "बारह बजे तक रुकिए, सर," एवढंच म्हणाले. आता यांची नोकरी जाते, असं मला वाटलं. बाराला त्यांनी स्लॅबवर तिसऱ्या मजल्याच्या उंचीचा बांबू उभा करवला आणि मोठ्या साहेबांना केजाबाईच्या अंगणात नेलं. फडक्याची सावली कोपऱ्यातलं सूप ओलांडून मागच्या भिंतीवर हलत होती. म्हातारीने पाहुण्याला पाणी दिलं. मोठे साहेब पाणी प्याले, भिंतीकडे बघत राहिले.

"गलती किसकी है?"

"मेरी."

गल्लीकडचा भाग दोन मजल्यांवर थांबवायचा आणि तेवढेच फ्लॅट गल्लीपासून लांबच्या, मागच्या भागावर चढवायचे, असं ठरलं. मागचा पाया पुन्हा तपासायला हवा होता. काम रखडणार होतं आणि ते संपलं की चुकीची शिक्षा म्हणून रामटेक्यांनी भिलाई सोडायची होती.

त्याच संध्याकाळी साहेब ट्रंक घेऊन आमच्या शेडपाशी हजर. सेक्टर 10 मधल्या त्यांच्या विटांच्या क्वार्टरमध्ये आम्ही जायचं आणि शेडमध्ये ते राहणार. मी नको म्हणायच्या आत सुमनला म्हणाले, "बाई, तिथं नवा माठ आणून ठेवला आहे. माह्या माठाचा संकोच नको."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. क्वार्टरमध्ये गेल्यावर सुमनने नवा माठ फळीवर पालथा घातला आणि साहेबांच्या जुन्या माठातलं पाणी भांडंभर प्याली. पोराची छाती त्या घरात मोकळी झाली. साहेब मात्र उन्हाळ्यापर्यंत पत्र्याखाली तापले.

इमारत पुरी झाली, आम्हाला मागच्या बाजूचा फ्लॅट मिळाला आणि साहेबांचा जायचा दिवस आला. सुमनने तो नवा माठ त्यांच्या हातात दिला. त्यांनी आत हात घालून पाहिलं. कोरा, ठणठणीत कोरडा. पाण्याचा डागही नव्हता.

"वापरला नाही कावून?"

"तुमचा जुना होता ना, भाऊजी," सुमन म्हणाली.

साहेब कितीतरी वेळ माठाच्या काठावरून बोट फिरवत राहिले. मग निरोप घ्यायला गल्लीत गेले. केजाबाईने तो माठ पाहिला, घरात नेला आणि काठोकाठ बरी भरून, तोंडाला फडकं बांधून परत दिला.

दुर्ग स्टेशनवर मी तो माठ डब्यातल्या फळीवर ठेवायला गेलो, तर त्यांनी ठेवू दिला नाही. गाडी हलली तेव्हा तो त्यांच्या मांडीवर होता.