संक्रांतीची सुकेळी

राजेळी केळी सोलून उन्हात सुकवायची, म्हणजे सुकेळी करायची, ती आमच्या आगाशीच्या वाडीत दसरा झाला की. मोठ्या जाऊबाई हे काम सासूबाईंकडून शिकल्या होत्या. मी शाळेतून निवृत्त झाले आणि त्यांच्या हाताखाली बसले.

पहिल्याच वर्षी आश्विनात ऊन असं पडलं की अंगणात अनवाणी पाय ठेवता येईना. जाऊबाई खूश होत्या. आम्ही चार घड सोलले, बांबूच्या तट्ट्यांवर केळी मांडली. पण उकाडा पावसाळ्यासारखा चिकट होता. तिसऱ्या दिवशी आम्ही जेवून उठेपर्यंत आभाळ भरून आलं, आणि मग रोज दुपारी पाऊस. आत आणलेल्या केळ्यांना आंबूस वास सुटला, नंतर बुरशी आली. सगळी खतात गेली.

"माझाच हात बिघडला," जाऊबाई म्हणाल्या.

"हात नाही, हवा बिघडलीय."

त्यांना ते पटलं नाही. दुसऱ्या वर्षीही तेच झालं, तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायला लागले: आज पाऊस, आज दव, आज वारा कुठून. दिवाळी होऊन गेली तरी पंखा बंद करवत नव्हता. कोरडी, गार हवा आली ती थेट डिसेंबरात. तिसऱ्या वर्षी दसऱ्याला ते कॅलेंडर मी त्यांच्यापुढे ठेवलं.

"यंदा सण बघून नको, हवा बघून करू."

त्यांनी पानं उलटली. "आणि हवा आलीय हे कळायचं कसं?"

"ते तुम्हीच सांगायचं."

त्या उठल्या, डब्यातून एक पापड काढला आणि ओट्यावर उघडा ठेवला. सकाळी मोडून पाहिला तर वाकला. मग दर चार दिवसांनी एक पापड. मला धीर निघत नव्हता, त्या मात्र निवांत. शेजारच्या ख्रिस्ती घरांवर नाताळचे कंदील लागले, आणि एका सकाळी पापड कडकन मोडला.

"सोला आता," त्या म्हणाल्या.

आठ दिवसांत केळी मधाच्या रंगाची झाली. जाऊबाईंनी एक तोडून सावकाश चावलं. "चव तीच आहे," म्हणाल्या, आणि उरलेलं अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

आता दिवाळीत कुणी सुकेळी मागायला आलं, तर त्या सरळ संक्रांतीला बोलावतात. लोक येतात. गेल्या वर्षी शेजारची दोन घरंही केळी सोलायला पापड मोडेपर्यंत आमच्याबरोबर थांबली.