सासूबाईंची गाडीतली दुर्बीण

अमेरिकेतले पार्किंग लॉट माझ्या सासूबाईंइतके बारकाईने पाहिलेला दुसरा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात सापडणार नाही, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगायला तयार आहे. इतरांच्या सासवा अमेरिकेत येतात, धबधब्यापुढे उभ्या राहून फोटो काढून घेतात आणि परत गेल्यावर शेजारपाजारी धबधब्याच्या गोष्टी सांगतात. आमच्या सासूबाईंनी सहा महिन्यांत धबधबे, धरणं, जंगलं, ट्यूलिपची शेतं अशा सगळ्यांची पार्किंगं पाहिली. कारण त्यांचे गुडघे. उजवा त्यांच्या मते समजूतदार होता. डावा मात्र शेवटच्या बाकावरच्या मुलासारखा, काही केल्या ऐकायचा नाही. गाडी थांबली की त्या शाल गुंडाळून सीटवर नीट बसायच्या आणि म्हणायच्या, “तुम्ही या जाऊन. मी बसते.” पण नुसतं बसणं हे काही त्यांच्या स्वभावात नव्हतं. एकदा बंद गाडीत एकटी म्हातारी बाई दिसली म्हणून एक पार्क रेंजर काचेवर टकटक करून चौकशी करायला आला. आम्ही परतलो तेव्हा तो बॉनेटला टेकून चिवडा खात होता आणि सासूबाई त्याची तोंडी परीक्षा घेत होत्या. त्या जागेचं वार्षिक पर्जन्यमान बिचाऱ्याला सांगता आलं नव्हतं. “युनिफॉर्म छान आहे हो याचा,” त्या मला मराठीत म्हणाल्या, “पण पाया कच्चा आहे.”

पाया हा त्यांचा विषयच होता. जन्मभर त्यांनी फलटणच्या एका शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्या त्या फक्त शाळेतून. उजवीकडे-डावीकडे हे शब्द त्यांच्या लेखी अडाण्यांचे. दोन हजार सहा साली आम्ही अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या रेडमंडला राहायचो, आणि नवरा कुठेही निघाला की इंटरनेटवरून नकाशाचे कागद छापून घ्यायचा. ते कागद सासूबाई पहिल्याच वळणाला मांडीवरून खाली ठेवायच्या आणि ढगांमागच्या सूर्याचा अंदाज घेऊन सांगायच्या, “आता ईशान्येला वळ.” फ्रीवेवर ताशी साठ मैलांनी जाणाऱ्या माणसाला ईशान्य म्हणजे काय ते आठवेपर्यंत एक्झिट मागे पडलेली असायची. मग तो म्हणायचा, “आई, प्लीज, लेफ्ट का राइट तेवढं सांग ना!” आणि त्या शांतपणे म्हणायच्या, “नववीत तुला छत्तीस पडले होते, ते मी उगीच नव्हते दिले.” स्वतःच्या मुलाला छत्तीस देणारी बाई! मला तर लग्नाआधी ही गोष्ट ऐकूनच त्या आवडल्या होत्या.

अशा या बाईंची अमेरिकेकडून एकच मागणी होती. विमानतळावर उतरल्या, मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “इथून हिमनदी किती लांब आहे?” फलटणच्या मार्चच्या उन्हात, पंखा बंद पडलेल्या वर्गात त्यांनी वर्षानुवर्षं फळ्यावर खडूने हिमनदी काढली होती. समोरच्या मुलांनी बर्फ पाहिलेला तो गोळेवाल्याच्या गाडीवर. पण बाईंनी तरी कुठे पाहिला होता? “सगळं पुस्तकातलं शिकवलं गं मी,” त्या एकदा भाजी निवडताना म्हणाल्या. “चोरीचा माल विकल्यासारखं वाटायचं. एकदा डोळ्यांनी बघितली की माझा माल माझा झाला.” हे त्या हसत म्हणाल्या, पण निवडलेली भाजी त्यांनी पुन्हा निवडायला घेतली, तेव्हा हे हसण्यावारी न्यायचं प्रकरण नाही हे माझ्या लक्षात आलं.

हिमनदी तशी लांब नव्हती. माउंट रेनियरच्या अंगाखांद्यावर हव्या तेवढ्या आहेत आणि तिथवर चांगला रस्ताही जातो. अडचणी दोनच. एक म्हणजे हिमनदीजवळ जायचं तर चढण चढावी लागते, आणि डावा गुडघा त्याला तयार नव्हता. दुसरी म्हणजे तो डोंगर. आमच्या भागात हिवाळाभर पाऊस आणि ढग. त्यामागे एवढा थोरला डोंगर आहे यावर नव्या माणसाचा विश्वासच बसत नाही. मग एखाद्या दिवशी तो अचानक उभा ठाकतो, आणि ऑफिसात, दुकानात, बसमध्ये लोक एकमेकांना सांगतात, “द माउंटन इज आउट!” सासूबाईंना तो पहिल्यांदा दिसला तो फेब्रुवारीत, तळ्यावरच्या तरंगत्या पुलावरून जाताना. त्यांनी “अगं बाई!” म्हणून चष्मा पुसायला काढला, आणि पुसून घालेपर्यंत पूल संपला होता. घरात शिरल्यावर चपला काढता काढता त्यांनी जाहीर केलं, “गाडीत एक दुर्बीण पाहिजे. घरात नाही, गाडीत. कायमची.”

आता दुर्बीण घ्यायची म्हणजे आमच्या घरात काय झालं ते सांगायला हवं. माझा नवरा सॉफ्टवेअरमधला. साधा टोस्टर घ्यायचा तरी महिनाभर लोकांचे रिव्ह्यू वाचणारा. त्याने संध्याकाळी आईपुढे लॅपटॉप ठेवला. “आई, ही बघ. हात हलला तरी चित्र हलत नाही. टॉप ऑफ द लाइन आहे.” सासूबाईंनी किंमत बघितली, मग खिडकीतून खाली उभी असलेली आमची सेकंड हँड गाडी बघितली. “गाडीत ठेवायची वस्तू गाडीपेक्षा भारी नसावी,” त्या म्हणाल्या. “उन्हात तापणार, थंडीत गारठणार, कोणी बसणार तिच्यावर. आणि चोराने काच फोडून नेलीच, तर वाईट चोराला वाटलं पाहिजे, आपल्याला नाही.” त्यावर नवऱ्याने अमेरिकन तोडगा काढला. कुठलीही घेऊ, महिनाभर वापरू, नाही पटली तर परत करू. इथे सगळेच करतात. हे ऐकून सासूबाईंचा चेहरा असा झाला की जणू त्याने नववीत पुन्हा छत्तीस मिळवायचं ठरवलंय. “वस्तू बघून घ्यायची असते, वापरून नाही. महिनाभर वापरून परत करायची? आणि दुकानदाराला तोंड कसं दाखवायचं?” दुकानदाराला इथे कोणी तोंड दाखवत नाही, हे त्यांना समजावणं आम्हाला जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर समजावताना आमचीच तोंडं उतरली.

तेव्हा बघून घ्यायची असं ठरलं, आणि पुढचे तीन शनिवार मी त्यांना घेऊन दुकानं पालथी घातली. शेवटचं दुकान मासेमारीच्या गळांचं आणि तंबूंचं होतं. काउंटरवर दाढीवाला, ताडमाड उंच पोरगा. त्याने आधी खिशात मावणारी चिमुकली दुर्बीण पुढे केली आणि मग वीस पट जवळ दाखवणारी धिप्पाड. सासूबाईंनी दोन्ही बाजूला सारल्या. तोवर त्यांचा अभ्यास पक्का झाला होता. दुर्बिणीवर दोन आकडे असतात. पहिला किती पट जवळ दिसतं त्याचा, दुसरा पुढची काच किती मिलिमीटर रुंद आहे त्याचा. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यापर्यंत किती उजेड पोचतो ते कळतं. हे सगळं अमेरिकेने इंग्रजीत लिहून ठेवलं होतं; सासूबाईंनी त्याचे पाढे केले. “आठ पंचे चाळीस, दाही पंचे पन्नास, सात पंचे पस्तीस,” त्या काउंटरवर एकेका दुर्बिणीला बोट लावत म्हणत होत्या. “पाच आला पाहिजे. तुमच्या गावात ऊन नाही, निदान उजेड तरी वाया जायला नको.” मग पोराकडे वळून, “यंग मॅन, डू नॉट शो मी द पॉवर. शो मी द लाइट.”

पोरगा म्हणाला, “मॅम, एव्हरीबडी जस्ट आस्क्स फॉर द झूम.”

“एव्हरीबडी इज राँग,” सासूबाई म्हणाल्या, आणि त्याला तीन दुर्बिणी घेऊन दुकानाच्या दारात यायला लावलं. तिथून पार्किंग लॉटपलीकडच्या पाट्या वाचायची परीक्षा सुरू झाली. चष्मा घालून दिसतं का, चष्मा काढून दिसतं का, बोटं आखडली असली तरी मधलं चाक फिरतं का, मान दुखते का. दहाची दुर्बीण त्यांच्या थरथरत्या हातात पाटीला नाचवायची. आठची त्यांच्या गळ्याला जड. सातची लागली तशी त्यांनी पलीकडच्या सलूनची अख्खी पाटी, वेळांसकट, मोठ्याने वाचली. रविवारी बंद. ती सगळ्यांत स्वस्तही निघाली आणि माझ्या नवऱ्याचा महिनाभराचा अभ्यास त्याच्या लॅपटॉपातच राहिला. दाढीवाला पोरगा पिशवी देताना मला हळूच म्हणाला, “आय लर्न्ड समथिंग टुडे.” मी अशी मान डोलावली, जशी काही ती भागाकाराची युक्ती माझ्याच माहेरची होती. घरी आल्यावर सासूबाईंनी जुन्या साडीची नाडीवाली पिशवी शिवली, तिच्यावर स्केचपेनने ‘गाडी’ असं लिहिलं, आणि दुर्बीण पुढच्या कप्प्यात ठेवून दिली. घरात आणायची नाही, अशी सक्त ताकीद.

मे महिन्यात आम्ही रेनियरला गेलो. व्ह्यूपॉइंटवर डोंगराचं चित्र असलेली पाटी तेवढी दिसली, बाकी सगळं ढग. सासूबाईंनी दुर्बिणीने पाटी वाचून घेतली. जून नवऱ्याच्या ऑफिसातल्या नव्या सॉफ्टवेअरच्या रिलीजमध्ये गेला. जुलैत त्यांचं परतीचं तिकीट आठवड्यावर आलं, बॅगा भरल्या गेल्या, तेव्हा आम्ही पुन्हा निघालो, आणि पुन्हा तेच. रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत गाडी उभी, समोर कापूस. दोन तास झाले. नवरा म्हणाला, “आई, सोडून दे आता. मी तुला इंटरनेटवर मस्त फोटो दाखवतो, अगदी हाय रेझोल्यूशन.” सासूबाई काच खाली करून बसल्या होत्या. “फोटो माझ्याकडे पुस्तकात होता,” त्या म्हणाल्या. “वारा नैर्ऋत्येचा आहे. थांब.” मला त्यांच्याकडे बघवेना. पुन्हा इतका लांबचा प्रवास त्या गुडघ्यांना झेपणार नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

आणि वाऱ्याने बाईंचा मान ठेवला. ढग आधी खालून फाटले, मग वरून, आणि तो अख्खा डोंगर आमच्या गाडीपुढे येऊन उभा राहिला. सासूबाईंनी दोन्ही कोपरं खिडकीत टेकवली, दुर्बीण डोळ्यांना लावली, चाक फिरवलं आणि बघतच राहिल्या. शेवटी मीच विचारलं, “आई, दिसली का?”

“अगं,” त्या म्हणाल्या, “मळकी आहे ही!”

एवढी वाट बघून ही निराशा! पण त्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते आणि चेहरा उजळलेला. मी पाहिलं. वर पांढरा बर्फ, आणि खाली दरीत उतरणारी हिमनदी करडी, मातकट, दगडगोट्यांनी माखलेली. “बरोबरच आहे की!” त्या म्हणाल्या. “दगडमाती घासून आणते ती. खननकार्य, वहनकार्य, चार मार्कांना यायचं. हे मीच शिकवलं, आणि फळ्यावर काढली पांढरी शुभ्र. का? तर खडू पांढरा होता!” मग आवाज खाली गेला. “एका मुलीने पेपरात मातकट रंगवली होती. मी वर्गात विचारलं, ही हिमनदी आहे का ओढा? सगळी हसली. एक मार्क कापला मी तिचा.”

तेवढ्यात शेजारच्या गाडीतलं कुटुंब उतरलं, आणि त्यांतली एक मुलगी ओरडली, “ईऽऽ, इट्स सो डर्टी!” झालं. सासूबाईंनी दार उघडलं, पाय बाहेर सोडून सीटवर ताठ बसल्या आणि तास सुरू झाला. “कम हिअर. वन बाय वन. नो पुशिंग.” दुर्बीण हातोहात फिरू लागली, तिसऱ्या गाडीतलेही आले, मोटारसायकलवाले दोन दणकट बाप्येसुद्धा शहाण्यासारखे रांगेत उभे राहिले. “इट इज नॉट डर्टी,” सासूबाई सांगत होत्या. “इट इज वर्किंग.” एक गृहस्थ अदबीने म्हणाले, “आर यू अ जिऑलॉजिस्ट, मॅम?” सासूबाईंनी तोंड उघडायच्या आत मीच पुढे होऊन सांगितलं, “शी इज माय मदर-इन-लॉ.” प्रश्नाचं हे उत्तर नव्हे, हे मलाही कळत होतं, पण त्या क्षणी माझ्याकडे याहून मोठी पदवी नव्हती. नवरा मागे उभा राहून निमूट ऐकत होता. छत्तीसचे किती झाले कोण जाणे.

फलटणला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी रिक्षा करून त्या गावातल्या एका स्टेशनरीच्या दुकानात गेल्या. मातकट हिमनदी रंगवणारी ती मुलगी आता तिथे गल्ल्यावर बसते. गिऱ्हाइकांच्या देखत त्यांनी तिला सांगितलं, “तुझा एक मार्क माझ्याकडे राहिला होता. तुझी हिमनदी बरोबर होती.” तिला ना तो पेपर आठवत होता ना तो मार्क, पण तिने बाईंना खुर्ची दिली, चहा मागवला आणि चहा येईपर्यंत त्यांचा हात काही सोडला नाही, असं सासूबाईंनी मला फोनवर सांगितलं.

दुर्बीण त्यांनी नेली नाही. “ती गाडीची आहे,” एवढंच म्हणाल्या. पुढे ती गाडी आम्ही विकली, दुसरी घेतली. पिशवी तेवढी या कप्प्यातून त्या कप्प्यात गेली. आता त्यांचं येणं होणार नाही. उजवा गुडघाही डाव्याला जाऊन मिळालाय. पण सकाळी पुलावरून जाताना डोंगर बाहेर आलेला दिसला की मी ऑफिसच्या पार्किंगच्या सगळ्यांत वरच्या मजल्यावर गाडी लावते आणि फलटणला फोन करते. तिकडे त्यांची जेवणाची वेळ असते.

“आई, आज डोंगर बाहेर आलाय.”

टीव्हीचा आवाज बंद होतो. “पिशवीतून काढलीस का?”

“डोळ्यांना लावलीय.”

“कोपर टेकव आधी. घाई करू नकोस. हं, कशी दिसतेय?”

“पांढरी दिसतेय, आई. अगदी पांढरी शुभ्र.”

त्या वर्गात चुकलेल्या मुलीला समजवावं तशा हळू आवाजात म्हणतात, “लांब आहेस ना गं तू, म्हणून.”