हमीदभाईंनी मांडलेला सूर्य

घरच्या विहिरीवरची मोटर जळाली म्हणून मी हमीदभाईंना फोन लावला. त्याआधी तीन महिन्यांत त्यांचे दोन फोन मी उचलले नव्हते. आता माझं काम निघालं, तेव्हा बरोबर त्यांचा नंबर आठवला. फोन त्यांच्या पत्नीनं, जुबेदाभाभींनी घेतला. मी हसतच म्हटलं, "भाभी, भाईंना द्या ना, मोटर गेली आमची." त्या म्हणाल्या, "ते तर गेले मॅडम. आज नववा दिवस. दुपारी जेवून आडवे झाले, उठलेच नाही." मी काय बोलले ते मला आठवत नाही. नेरमध्येच राहते मी, दुकान घरापासून दहा मिनिटांवर. पण त्या रस्त्यानं जायचं मी कधीच सोडलं होतं, त्यामुळे ओढलेलं शटरसुद्धा मला दिसलं नव्हतं.

हमीदभाईंचं मोटर वाइंडिंगचं दुकान बसस्टँडमागच्या ओळीत. कपाशीचा हंगाम असो की नसो, समोर पाच-सात मोटरी पोट उघडून पडलेल्या असत. सहा-सात वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजच्या दुर्बिणीची छोटी मोटर बंद पडली. मी तिथे भौतिकशास्त्र शिकवते. कंपनीनं नवी घ्यायला सांगितलं, शिपायानं हमीदभाईंचं नाव सांगितलं. त्यांनी ती तळहातावर घेतली, उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "एवढीशी मोटर फिरवते काय, मॅडम?" मी म्हटलं, दुर्बीण. सूर्य सरकतो तशी ती सरकवते. चौथ्या दिवशी मोटर घेऊन ते स्वतःच कॉलेजात आले. "बसवून देतो," म्हणाले, पण खरं तर त्यांना पाहायचं होतं. सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडून मी त्यांना डाग दाखवले. त्यांचं समाधान होईना, म्हणून कॉम्प्युटरवर उपग्रहानं काढलेली त्याच दिवशीची चित्रं उघडली. एकात सूर्य लाल, एकात सोनेरी, एकात हिरवा, एकात निळा.

"एकाच दिवशी इतके रंग बदलले?"

मी समजावलं, रंग आपण दिलेले आहेत. डोळ्याला न दिसणाऱ्या वेगवेगळ्या प्रकाशात हे फोटो निघतात. कुठल्यात वरचा तापलेला वायू दिसतो, कुठल्यात त्याखालचा. चित्रं एकावर एक ठेवली की सगळं एकत्र पाहता येतं. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "मले शिकवा हे."

तेव्हा ते पंचावन्नचे असतील. शिक्षण सातवीपर्यंत, उर्दूतून. मी त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर अशी चित्रं जुळवणारी, मोफत मिळणारी प्रणाली टाकून दिली, आणि दर रविवारी सकाळी तासभर शिकवू लागले. पहिल्या काही रविवारी त्यांचं चित्र बिघडायचंच. सोनेरी थर सगळं गिळून टाकी. लाल थर ठेवला आहे की नाही तेच कळत नसे. मी सांगितलं, प्रत्येक थराला दोन हद्दी असतात. खालच्या हद्दीपेक्षा मंद ते सगळं काळं, वरच्या हद्दीपेक्षा तेजस्वी ते सगळं लख्ख. एकच हद्द चारही थरांना लावली तर मंद थर मरतो. एवढं ऐकून ते दुकानातला मीटर घेऊन आले. "म्हंजे असंच ना? नॉब हजारावर ठेवला अन् दीड व्होल्टचा सेल मोजला, तर काटा हालन काय? सेलमंदी करंट तर हाय, पन दिसून नाही राह्यला." वीस वर्षं शिकवते आहे, पण याहून चांगलं उदाहरण मला सुचलेलं नाही. वर्गात ते मी अजूनही देते... माझंच असल्यासारखं.

पुढे ते माझ्या पुढे गेले. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी त्या दिवशीचे फोटो उतरवून घ्यायचे, चार थर एकावर एक ठेवायचे आणि एकेकाच्या हद्दी हलवत बसायचे. घाई नाही. आज लाल थराला जे आकडे चालले ते उद्या चालतील असं नाही, हे त्यांनी मला दाखवलं. मी काम उरकणारी बाई. त्यांना चित्र नीट यायला हवं असे.

मागच्या हिवाळ्यात यवतमाळला जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. कॉलेजतर्फे सूर्याचं मोठं चित्र लावायचं ठरलं, आणि मी सरळ हमीदभाईंना सांगितलं. त्यांनी तीन आठवडे सकाळी त्यावर घालवले. त्यांनी निवडलेल्या दिवशी सूर्याच्या डाव्या काठावर वायूची एक बारीक कमान उठली होती. इतकी मंद, की साध्या चित्रात दिसतच नव्हती. लाल थराची वरची हद्द थोडी थोडी खाली आणत, बाकीचे तीन थर सांभाळत, त्यांनी ती कमान वर काढली. पेन ड्राइव्ह देताना म्हणाले, "पाह्यजा मॅडम, एकदम जित्ती दिसते."

मी पाहिलं नाही. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी फाइल उघडली, चित्र काळपट वाटलं. लोकांना भपका हवा असतो, असं स्वतःशी म्हणत मी आपोआप उजळ करणारं बटण दाबलं. चारही थरांना एकच हद्द लागली. सूर्य सोन्यासारखा झळाळला. तोच मी फ्लेक्सवाल्याला पाठवला. खाली पाटी, "संकल्पना व निर्मिती", आणि माझं एकटीचं नाव. कॉलेजबाहेरच्या माणसाचं नाव कुठे टाकायचं, अशी सबब मी स्वतःला दिली होती. प्राचार्यांना विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर ते हो म्हणाले असते.

हमीदभाई दुकान बंद ठेवून, इस्त्रीचा शर्ट घालून, एसटीनं यवतमाळला आले. चित्रापुढे उभे राहिले. पाटी वाचली. "नाव चांगलं मोठं आलं तुमचं," म्हणाले, आणि त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मग डाव्या काठाजवळ वाकले. "कमान कुठी गेली, मॅडम?"

शेजारी परीक्षक उभे होते. मी म्हटलं, "छपाईत दबली असेल, भाई."

त्या दिवशी आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. ढाल हातात घेतलेला माझा फोटो निघाला, तेव्हा ते मागे टाळ्या वाजवत होते. त्यानंतर मी रविवारी जाणं बंद केलं. परीक्षा, पेपर तपासणी... कारणांना तोटा नव्हता. त्यांचे फोन आले तेव्हा वाटलं, नावाचं विचारतील. फोन वाजून वाजून बंद होईपर्यंत मी त्याच्याकडे पाहत बसले.

बातमी कळल्यावर दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. भाभी इद्दतीत, नवरा गेल्यावर पाळायच्या त्या काळात घराबाहेर पडत नाहीत. त्यांनी पाणी दिलं आणि आतून एक खोकं आणलं. त्यात फ्लेक्सचे वीतभर रुंदीचे तुकडे होते, वीस-बावीस तरी. प्रत्येकावर सूर्याचा तोच डावा काठ. "त्यायनं तुमाले फोन लावला होता याच्यासाठीच," भाभी म्हणाल्या. "म्हने, छपाईत कमान दबते, मॅडमची मेहनत वाया गेली. यवतमाळले जाऊन जाऊन तुकडे छापून आनत. घरी आनून उन्हात धरून पाहत." शेवटच्या तुकड्यावर कमान स्पष्ट होती, केसाएवढी, पण स्पष्ट. मागे चारही थरांचे आकडे लिहिले होते. त्याखाली माझं नाव.

म्हणजे माझ्या एका खोट्या वाक्यामागे तो माणूस तीन महिने धावत होता. छपाईत काहीच दबलं नव्हतं.

मी भाभींना सगळं सांगितलं. बटणाचं, पाटीचं, न उचललेल्या फोनचं. त्या ऐकत राहिल्या. "कोई बात नहीं" असं काही म्हणतील, अशी माझी आतून आशा होती, हेही लिहून टाकते. त्यांनी फक्त विचारलं, "मंग त्यायले काहून नाही सांगितलं? ते काही बोलले नसते तुमाले."

पुढच्या आठवड्यात मी प्राचार्यांना खरं सांगितलं. हमीदभाईंच्या आकड्यांनी चित्र पुन्हा छापून घेतलं, खाली त्यांचं नाव घातलं, आणि कॉलेजच्या दर्शनी भिंतीवर लावलं. येणारेजाणारे वाचतात. त्यांना स्वतःला ते वाचता आलं नाही, ते आता कशानंही भरून निघायचं नाही.

मी रविवारी पुन्हा त्या घरी जाऊ लागले आहे. पहिल्या रविवारी भाभींनीच कॉम्प्युटरवरचं कापड काढलं. "आजचा लावा," म्हणाल्या. मी हमीदभाईंच्या स्टुलावर बसले, दिवसाचे फोटो उतरवले, थर एकावर एक ठेवले. माझ्या सवयीनं झटपट आकडे टाकले आणि झालं म्हणून हात काढला. भाभी मागे उभ्या होत्या. त्यांना पडद्यावरचे ते आकडे वाचता येत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

"नाही झालं," त्या म्हणाल्या. "ते इतक्यात नाही सोडत. लालवाला अजून सरकवा... जरासा... अजून जरासा."

मी सरकवत गेले.

"हां. आता बस."