न फुटलेल्या पाकिटाची बाधा

आमच्या लेकीचं, एस्तेरचं, लग्न ठरत होतं त्या रविवारी मी भर जेवणात मरायला टेकलो होतो. निदान माझा तसा समज होता.

मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालो आणि मोबाईलवर आरोग्याचे मेसेज पाठवायच्या नोकरीला लागलो. (बिनपगारी!) त्यातलं माझं लाडकं प्रकरण म्हणजे चायनीजच्या गाडीवर असते ती टेस्टिंग पावडर. ‘पांढरं विष!’ हा मेसेज मी राहुरीतल्या निम्म्या लोकांना तरी पाठवला असेल. उरलेल्यांनी मला ब्लॉक केलं होतं.

तर मिरजगावचे पाहुणे आले. मुलगा डेव्हिड आणि त्याची आई. मी प्रार्थना जरा लांबवली, मग सगळे रूथच्या, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या, मटणावर तुटून पडलो.

“रस्सा लई भारी झालाय, ताई!” डेव्हिडची आई म्हणाली.

मी तर तिसऱ्यांदा रस्सा घ्यायला स्वतःच स्वयंपाकघरात गेलो. आणि ओट्यावर बघतो तर काय? टेस्टिंग पावडरचं पाकीट!

मानेला मुंग्या आल्या. मग कानशिलं तापली. मग धडधड. मेसेजमधली लक्षणं दिलेल्या क्रमानं, एकही न चुकवता!

“रूथ!” मी बाहेर येऊन ओरडलो. “विष घातलंस!”

डेव्हिडच्या आईच्या हातातला घास ताटात पडला. “अगं बया! कुनी? कुनाला?”

“सगळ्यांना!” मी म्हणालो आणि सोफ्यावर आडवा झालो.

डेव्हिड गाडीची किल्ली शोधू लागला. त्याची आई स्वतःचीच नाडी बघत डोळे मिटून देवाचा धावा करू लागली. रूथ मात्र कमरेवर हात ठेवून उभी. “तीस वर्षं मटण खाताय, आजच बरं विष झालं?”

एवढ्यात एस्तेर पाकीट घेऊन बाहेर आली. ती फूड टेक्नॉलॉजी शिकते. “पप्पा, हे माझ्या प्रॅक्टिकलचं आहे. आणि हे बघा, फोडलेलंसुद्धा नाही.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. धडधड थांबली. मुंग्याही गेल्या. (दगाबाज!)

“शंभरेक वर्षांपूर्वी जपानच्या एका प्राध्यापकानं समुद्री शेवाळाच्या सारातून ही चव शोधून काढली,” एस्तेर सांगू लागली. “टोमॅटोतही ती मुळातच असते. थोडीशी घातली तर बहुतेकांना काही होत नाही. कुणाकुणाचं जास्त खाल्ल्यावर थोडा वेळ डोकं दुखतं. सोडियम असतं, तेवढं बीपीवाल्यांनी जपावं. आणि पप्पा, उसाची मळी आंबवूनही ही करतात. तुम्ही जन्मभर कारखान्यात तपासलीत ना, तीच मळी!”

मी उठून बसलो. आता पाहुणे उठतील, पोरीचं लग्न माझ्यापायी मोडणार, या विचारानं मी माफी मागायला तोंड उघडलं. पण डेव्हिडची आई खो खो हसत सुटली. पदरानं डोळे पुसले, पुन्हा ताट पुढं ओढलं.

“पोरगी पसंत हाय,” ती म्हणाली. “आमची अट येकच. लग्नाच्या जेवनात काय काय घातलंय, ते पप्पांनी जेवून हात धुतल्याशिवाय त्यांना सांगायचं न्हाई!”

अट सर्वानुमते मंजूर झाली. माझं मत कुणी विचारलंच नाही. मी रस्सा वाढून घेत होतो.